बर्नस्टाइनचं ‘चिचेस्टर साम्स’ कॉयरमध्ये गायचंय? आधी शब्द, मग सूर

पुढच्या कॉन्सर्टच्या यादीत ‘चिचेस्टर साम्स’, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांवरचं हिब्रू समूहगान, आलंय आणि स्कोअरचं, म्हणजे नोटेशनच्या प्रतीचं, पहिलंच पान उघडून धडकी भरलीय, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी टेनर, म्हणजे पुरुषांमधला वरचा आवाज, गातो, इंग्लंडमधल्या एका गावच्या हौशी कॉयरमध्ये. लहानपण पुण्यात गेलं, कान हार्मोनियम आणि अभंगांवर तयार झालेला, नोटेशन वाचायला तिशीत शिकलो. हे काम आतापर्यंत दोनदा गायलोय. पहिल्या वेळी मी आधी सूर बसवले आणि हिब्रू शब्द शेवटच्या तीन आठवड्यांवर ढकलले, आणि कॉन्सर्टच्या दिवशी पहिल्या भागात तोंड आणि सूर एकमेकांच्या पायात येत होते. दुसऱ्या वेळी उलटं केलं, पहिले तीन आठवडे एकही सूर गायलो नाही, फक्त शब्द. फरक इतका पडला की तेव्हापासून नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतो, आता जरा सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी थोडी ओळख, कारण ती नसेल तर पुढच्या बऱ्याच गोष्टी का करायच्या ते कळणार नाही. इंग्लंडच्या दक्षिणेला चिचेस्टर नावाचं छोटं शहर आहे, तिथल्या कॅथीड्रलचे तेव्हाचे डीन, म्हणजे मुख्य पाद्री, वॉल्टर हसी. आपल्या काळातल्या कलाकारांकडून चर्चसाठी नवीन काम करून घ्यायचं हा त्यांचा ध्यास होता. नॉर्दॅम्प्टनला असताना त्यांनी बेंजामिन ब्रिटनकडून संगीत आणि हेन्री मूरकडून शिल्प करून घेतलं होतं, आणि चिचेस्टरला मार्क शगालची लाल काचेची खिडकी आहे, 1978 ची, 150 व्या स्तोत्रावरची, तीसुद्धा त्यांच्यामुळेच. चिचेस्टर, विंचेस्टर आणि सॉल्झबरी ही तीन कॅथीड्रल मिळून दर उन्हाळ्यात एक संगीत महोत्सव करतात, 1965 च्या महोत्सवासाठी हसींनी थेट न्यूयॉर्कच्या संगीतकार-कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइनला विचारलं, आणि संगीतात त्याच्याच ‘वेस्ट साइड स्टोरी’ या म्युझिकलची थोडी झाक आली तर आम्हाला आवडेल असंही कळवलं. एका कॅथीड्रलच्या डीननं हे लिहावं याचं मला अजून कौतुक वाटतं.

बर्नस्टाइन तेव्हा न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदातून वर्षभराच्या रजेवर होता. एका नाटकावरून म्युझिकल करायचं चाललं होतं ते फिसकटलं, त्यातलं बरंच संगीत हातात उरलं होतं, ते इथे कामी आलं. त्यानं इंग्रजी चर्चसाठी लिहिताना इंग्रजी किंवा लॅटिन घेतलं नाही, आपल्या धर्माची हिब्रू घेतली. महायुद्ध संपून वीसच वर्षं झाली होती. ज्यू माणसानं लिहिलेलं हिब्रू स्तोत्र ख्रिस्ती कॅथीड्रलमध्ये तिथल्याच मुलांच्या तोंडून गायलं जाणं ही साधी गोष्ट नव्हती, हे गाताना मनात असू द्या. पहिला प्रयोग 15 जुलै 1965 ला न्यूयॉर्कमध्ये त्यानं स्वतः केला, आणि 31 जुलैला चिचेस्टरमध्ये तिथले ऑर्गनिस्ट जॉन बर्च यांनी, बर्नस्टाइन समोर ऐकायला बसलेला.

पायरी 1 : स्कोअर, रेकॉर्डिंग आणि मराठी बायबल

स्वतःची प्रत विकत घ्या. कॉपीराइट अजून चालू आहे म्हणून झेरॉक्स नको, आणि तसंही या स्कोअरवर इतकं लिहावं लागतं की उसनी प्रत परत द्यायची लाज वाटेल. ऐकायला दोन रेकॉर्डिंग पुरेत, दोन्ही बर्नस्टाइनच्याच हाताखालची : 1965 चं न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबरचं आणि 1977 चं इझ्राएल फिलहार्मोनिकबरोबरचं. एकूण काम वीस मिनिटांच्या आतबाहेरचं आहे, तेव्हा रोज एकदा ऐकणं अवघड नाही.

तुमचा कॉयर बहुतेक ऑर्गन, एक हार्प आणि पर्कशन एवढ्यावर करेल, ती आवृत्ती बर्नस्टाइनची स्वतःची आहे, कमी दर्जाची समजू नका. मोठ्या आवृत्तीत तीन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, टिंपनी, भरपूर पर्कशन, दोन हार्प आणि तंतुवाद्यं असतात. बासरी, क्लॅरिनेटसारखी लाकडी वाद्यं मुळीच नाहीत, हॉर्नही नाहीत, त्यामुळे गाणाऱ्यांच्या सुराला मऊ आधार फार कमी मिळतो. हे आधीच माहीत असलेलं बरं.

मग मराठी बायबलमधली स्तोत्रसंहिता काढा. पहिल्या भागात 108 व्या स्तोत्राचं एक वचन आणि 100 वं पूर्ण, दुसऱ्यात 23 वं पूर्ण आणि 2 ऱ्याची पहिली चार वचनं, तिसऱ्यात 131 वं पूर्ण आणि 133 व्याचं पहिलं वचन. एक घोटाळा टाळा : 108 मधलं आपलं वचन मराठी बायबलमध्ये दुसरं आहे पण हिब्रू प्रतीत तिसरं, कारण हिब्रूत वरचा मथळासुद्धा मोजतात. ही सहाही स्तोत्रं मराठीतून मोठ्यानं वाचा, निदान दोनदा.

पायरी 2 : शब्द देवनागरीत लिहून काढा

स्कोअरमध्ये हिब्रू रोमन अक्षरात छापलंय. ते वाचत बसलात तर इंग्रजी उच्चार आपोआप तोंडात येतात. एक वही घ्या आणि सगळं देवनागरीत उतरवा. आणि इथे आपल्याला, म्हणजे मराठी बोलणाऱ्यांना, खरंच मोठा फायदा आहे.

हिब्रूत ‘त्स’ असा एक आवाज सारखा येतो, ‘हाआरेत्स’ म्हणजे पृथ्वी, ‘त्सेदेक’ म्हणजे धर्म किंवा न्याय, ‘त्सोन’ म्हणजे मेंढरं. माझ्या शेजारचे इंग्रज टेनर त्यावर अडखळत होते. आपल्याकडे तो आवाज घरचाच, चूल, चाक, चोर यातला च म्हणजे तोच. ‘चहा’तला नाही, ‘चाका’तला. तसंच ‘ओ’ आणि ‘ए’ आपले सरळ असतात, शेवटी वळत नाहीत, हिब्रूत तसेच हवेत. त आणि द आपल्यासारखे दाताजवळचे म्हणा, कॉयरमध्ये सगळे ट आणि ड म्हणत असले तरी.

अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे घशातला खरखरीत ख, उर्दूत ‘ख़बर’ म्हणतात तसा. मी तो नुक्ता देऊन ख़ लिहितो. स्कोअरमध्ये तो कधी एका चिन्हानं दाखवलाय कधी दुसऱ्या, आणि काही कंडक्टर त्यातला एक मऊ ‘ह’ करायला सांगतात, तेव्हा पहिल्याच तालमीत विचारून घ्या आणि सगळीकडे एकसारखं करा. दुसरी अडचण म्हणजे जोर. मराठीत आपण अक्षरं बरीचशी सारख्या वजनानं बोलतो, हिब्रूत जोर बहुतेक शेवटच्या अक्षरावर जातो : एख़्सार मध्ये ‘सार’ वर, शुल्ख़ान मध्ये ‘ख़ान’ वर. पण काही शब्द उलटे, पहिल्यावर जोर : शाख़ार, एरेत्स, त्सेदेक, देशे, शेमेन, ख़ेसेद. माझ्या वहीत जोराच्या अक्षराखाली लाल रेघ आहे. ती रेघ पुढे तालात खूप वाचवते.

पहिल्या भागाची सुरुवात माझ्या वहीत अशी आहे :

उरा, हानेवेल, व’ख़िनोर! आईरा शाख़ार!
हारीऊ ल’आदोनाय कोल हाआरेत्स.
इव्दू एत आदोनाय ब’सिम्ख़ा.

म्हणजे साधारण : वीणे, सारंगी, जागी हो, मी पहाटेला जागं करीन. सगळ्या पृथ्वीनं परमेश्वराचा जयजयकार करा, आनंदानं त्याची सेवा करा. पहिली ओळ वाचली की मला भूपाळी आठवते, फक्त आपली भूपाळी देवाला उठवते आणि इथला गाणारा पहाटेलाच उठवायला निघालाय. त्यामुळे ही ओळ झोपेतून उठल्यासारखी हळू नाही, ती हाक आहे, तशीच गायची.

‘आदोनाय’ हा शब्द देवाच्या नावाच्या जागी येतो आणि श्रद्धाळू ज्यू माणसं तो प्रार्थनेबाहेर उगाच उच्चारत नाहीत. तालमीत शंभर वेळा तो म्हणताना कोणी जरा थांबलं, किंवा त्याऐवजी ‘हाशेम’ म्हणालं, तर समजून घ्या. मुंबईत किंवा रायगडकडे तुमच्या ओळखीत बेने इस्राएल कुटुंब असेल तर त्यांच्याकडून शब्द ऐकून घ्या. घरात मराठी आणि प्रार्थनेत हिब्रू अशी ती माणसं, आपल्याच भाषेत समजावून सांगतील, याहून चांगला उच्चाराचा शिक्षक मराठी गायकाला कुठे मिळणार. तिसऱ्या भागातलं ‘हिने मा तोव’ हे वचन तर जगभरच्या ज्यू घरांमधून गायलं जातं, त्याची चाल वेगळी असेल पण शब्द तेच.

पायरी 3 : सात मात्रा, पण रूपक नाही

100 वं स्तोत्र 7/4 मध्ये आहे. सात मात्रा म्हटल्यावर आपल्या डोक्यात तबल्याचा रूपक सुरू होतो, 3+2+2, तो आधी बंद करा. मी पहिल्या वेळी पायानं रूपक धरला आणि दर ओळीला माझा जोर भलत्याच अक्षरावर पडत होता. इथे गट ठरवतात ते शब्द. म्हणून आधी काढलेल्या लाल रेघा बघा, स्कोअरमध्ये जोराचं अक्षर कितव्या मात्रेवर आलंय ते पेन्सिलनं लिहा आणि मग मेट्रोनोम लावून शब्द नुसते बोला. सुरुवात इतकी हळू करा की कंटाळा येईल, मी मिनिटाला 80 ठोक्यांवर केली. चुकलं की ओळ परत. टाळी नाही, पाय नाही, फक्त तोंड. आठवड्याभरात तालाची मोजणी सुटते आणि वाक्य राहतं. सातवी मात्रा संपल्यावर थबकायचं नाही ही एकच गोष्ट लक्षात ठेवा, नाचताना एक पाय लवकर पडतो तसं ते पुढे कलंडत राहिलं पाहिजे.

पायरी 4 : ते सातवे सूर

आता सूर. सुरुवातीच्या ‘उरा हानेवेल’मध्ये टेनर आणि बास (पुरुषांमधला खालचा आवाज) एकमेकांपासून सातव्या सुराच्या अंतरावर चालतात, हातात हात घालून पण कधी न जुळता. कॉयरच्या टेनरांसाठी हा भाग फार अवघड मानला जातो आणि ते खरं आहे. उंच आहे, मोठ्यानं आहे आणि कानाला शेजारचा बास सारखा आपल्याकडे ओढतो. बायबलच्या परंपरेत सात हा आकडा पवित्र, म्हणून सात मात्रा आणि सातवे सूर असं सांगितलं जातं, मला ते पटतं.

सरगम येणाऱ्याला एक सोपी युक्ती देतो. बासचा सूर म्हणजे सा धरा. तुमचा सूर वरच्या सा च्या अलीकडचा नी आहे, कुठे कोमल, कुठे शुद्ध. पियानोवर बासची ओळ एका बोटानं वाजवा, मनात वरचा सा आणा आणि तिथून खाली उतरून आपला नी गा. दर सुराखाली ‘को’ किंवा ‘शु’ लिहून ठेवा. सा इथे दर सुराला बदलतोय, तानपुऱ्यासारखा एका जागी नाहीये, याची सवय व्हायला आपल्या कानाला वेळ लागतो, तो द्या. आणि मींड नको. आपला गळा एका सुरावरून दुसऱ्यावर सहज घसरत जातो, अभंगात ते गोड लागतं, इथे सातवा सूर उडी मारूनच पकडायला हवा नाहीतर सगळी कडा बोथट होते. एखाद्या बासला तालमीच्या आधी पंधरा मिनिटं थांबवून दोघांनीच हे करा, मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचा झाला.

पहिल्या भागाच्या शेवटाकडे कॉयरमधल्याच चार आवाजांना छोटे सोलो आहेत, कोण गाणार ते लवकर ठरवून घ्या, ऐनवेळी कोणाला पुढे ढकलू नका.

पायरी 5 : मेंढपाळ आणि खवळलेली राष्ट्रं

या भागासाठीच हा लेख लिहावासा वाटला. 23 वं स्तोत्र, परमेश्वर माझा मेंढपाळ, हार्पच्या साथीवर एकटा मुलगा गातो. बर्नस्टाइनची अट स्पष्ट आहे की हा सोलो मुलानं किंवा काउंटरटेनरनं, म्हणजे बायकांच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषानं, गायचा, बाईनं नाही. बायबलमधला मेंढपाळ पोरगा दाविद डोळ्यासमोर आहे ना. मुलगा असेल तर त्याला लांब वाक्यांसाठी श्वास कुठे घ्यायचा ते आधी शिकवा आणि त्याच्या जोडीला दुसराही तयार ठेवा, त्या वयात आवाज कधी फुटेल सांगता येत नाही.

मग बायकांचे आवाज तीच चाल पुढे नेतात, मरणछायेच्या दरीतून जाताना मला भीती नाही, इथपर्यंत. आणि तेवढ्यात पुरुष फुटतात :

लामा राग्शू गोयिम, उल’उमीम येह्गू रीक?

राष्ट्रं का खवळलीत, लोक पोकळ बेत का करतायत. हे संगीत मुळात ‘वेस्ट साइड स्टोरी’साठी लिहिलेलं आणि गाळलेलं, म्हणजे हसींना हवी होती ती झाक अशी आली. टेनर-बासांनो, हे जोरात गायचं नाही, हे झटक्यानं बोलायचं. सगळी ताकद ग, श, त, क मध्ये. ‘न’नात्का एत मोस्रोतेमो’ यासारख्या ओळी जिभेला पीळ पाडतात, त्या मी बस स्टॉपवर उभा राहून ओठातल्या ओठात म्हणत होतो, महिनाभर. गळा लावून ओरडलात तर दोन तालमींत आवाज बसेल.

पुढे बायका परत येतात, 23 व्याच स्तोत्राच्या पुढच्या वचनासह, आणि पुरुष खाली पुटपुटत राहतात. बायकांच्या ओळीवर बर्नस्टाइननं लिहिलंय की धोक्याची काहीच कल्पना नसल्यासारखं, आनंदात गा. आता त्या नेमकं काय गातायत बघा : ‘ताआरोख़ ल’फानाय शुल्ख़ान, नेगेद त्सोर’राय’, तू माझ्या शत्रूंच्या देखत माझ्यासाठी पान वाढतोस. आणि शत्रू खाली गुरगुरतायत! हे ज्या दिवशी मला मराठीतून कळलं त्या दिवशी अंगावर काटा आला, कारण तोवर मी फक्त वर बायका आणि खाली आम्ही एवढंच बघत होतो. म्हणून बायकांनी पुरुषांशी स्पर्धा करून आवाज चढवायचा नाही आणि पुरुषांनी शरमून विरायचं नाही. दोन्ही बाजूंनी एकमेकांना ऐकायचं पण एकमेकांच्या मूडमध्ये जायचं नाही. तालमीत कंडक्टरला विनंती करून दोन गट खोलीच्या दोन टोकांना उभे करून बघा. शेवटी मुलगा परत एकटा उरतो, लांब सूर धरतो, आणि तरी वाद्यांमधून ती खवळ एकदा डोकावतेच. ती पूर्ण गेलेली नाही.

पायरी 6 : दूध सुटलेलं मूल

तिसरा भाग तंतुवाद्यांच्या कडवट, ताणलेल्या प्रस्तावनेनं सुरू होतो, पहिल्या भागाची हाक त्यात दुखऱ्या आवाजात परत येते. ती चालू असताना चुळबुळ करू नका, पानं उलटून आधीच ठेवा. मग सगळं मोकळं होतं आणि पुरुष 131 वं स्तोत्र सुरू करतात, दहा मात्रांत. इथे मात्र झपताल थोडा मदतीला येतो, दोन पाच जोडल्यासारखं मोजायला सुरुवात करा, पण आठवड्याभरात सोडून द्या, कारण सम गाठल्यासारखा ठोका दिलात की पाळणा थांबतो.

अर्थ सांगतो. माझं मन गर्विष्ठ नाही, मला झेपणार नाहीत अशा मोठ्या गोष्टींच्या मागे मी लागत नाही, मी माझा जीव शांत केलाय, ‘क’गामूल आलेय इमो’, आईजवळच्या अंगावरून तुटलेल्या मुलासारखा. अंगावर पिणारं मूल आईजवळ गेलं की दूध मागतं, रडतं. तुटलेलं मूल काही मागत नाही, नुसतं टेकून बसतं. आमच्या कॉयरमध्ये ही प्रतिमा सगळ्यांना नीट कळल्यावर आवाज आपोआप निवला, कंडक्टरला ‘हळू गा’ म्हणावंच लागलं नाही. टेनरांनी वरच्या सुरांवर छाती लावायची नाही, डोक्यातला हलका आवाज.

आणि शेवटी, वाद्यं गप्प होऊन, अगदी संथ : ‘हिने मा तोव उमा नाईम, शेवेत आख़ीम गाम याख़ाद’. बघा किती चांगलं आणि किती गोड, भावांनी एकत्र राहणं.

‘याख़ाद’ म्हणजे एकत्र. हा शब्द तुम्ही आधी एकदा गायलाय, पुरुषांनी, दुसऱ्या भागात : ‘व’रोझ्नीम नोस्दू याख़ाद’, राज्यकर्ते एकत्र येऊन कट करतायत. तोच शब्द. तिथे एकत्र येणं दुसऱ्याला तुडवायला होतं, इथे राहायला. माझ्या स्कोअरमध्ये दोन्ही ठिकाणी त्याभोवती गोल केलाय आणि टेनर-बासांना मी कळकळीनं सांगेन की तुम्हीही करा, कारण पहिल्या याख़ादमध्ये जेवढी धार असेल तेवढाच दुसरा खरा वाटेल. वचनाच्या या शेवटच्या शब्दावर सगळे आवाज एका सुरावर येऊन मिळतात, इतका वेळ सातव्या सुरांवर चाललेले सगळे.

पायरी 7 : शेवटचा आठवडा

नवीन काही शिकू नका. रोज शब्द एकदा बोला, सुराशिवाय, दाढी करताना, स्वयंपाक करताना. साथीबरोबरच्या तालमीत हार्प आणि पर्कशन पहिल्यांदा ऐकून भांबावायला होतं, विशेषतः पहिल्या भागात, तेव्हा त्या दिवशी कंडक्टरचा हात बघत राहा, स्कोअर नाही.

‘हिने मा तोव’ला साथ नसल्यामुळे सूर उतरण्याची भीती मोठी असते. उतरलात तर त्यानंतरच्या, अगदी शेवटच्या आमेनला ट्रम्पेट आणि हार्प येतात तेव्हा ते उघडं पडतं. आम्ही तालमीत दर वेळी शेवटी पियानोवर ‘जी’ हा सूर वाजवून तपासायचो, पहिल्या आठवड्यात अर्धा सूर खाली असायचो. उपाय दोन : ‘आ’ उभा ठेवा, आडवा पसरू देऊ नका, आणि शेजाऱ्याबरोबर एकाच वेळी श्वास घेऊ नका, शेजारी घेतोय तेव्हा तुम्ही धरा. आमेनवर सगळे त्याच ‘जी’वर असतात, म्यूट लावून आवाज दाबलेला ट्रम्पेट अगदी लांबून पहिल्या पानावरची हाक शेवटची एकदा वाजवतो, हार्प सोबतीला असते. त्या वेळी सूर वाढवू नका, कमीही करू नका, आणि तोडल्यावर कंडक्टरचा हात खाली येईपर्यंत फोल्डर मिटू नका.